पंख्याचं सांगायचं राहिलं

कारखान्यात मला सगळे ‘मास्तरीण’ म्हणायचे. शिकलेय मी जेमतेम, पण माणसांकडून पाठांतर करून घ्यावं तर मीच. वर्षातून दोनदा माल घेणाऱ्या कंपन्यांची माणसं तपासणीला यायची. ऑडिट म्हणायचो आम्ही त्याला. बायकांना एकेकीला बाजूला घेऊन विचारायची, सुट्टी मिळते का, कोणी अंगावर ओरडतं का, दारं उघडी असतात का. त्याच्या आधी आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत मी बायकांना समोर बसवून उत्तरं घोकून घ्यायचे. मिळते. नाही ओरडत. असतात. माझी एकही बाई कधी चुकली नाही. मला त्याचा अभिमान होता. आता लाज वाटते, पण तेव्हा होता, खोटं कशाला बोलू?

एरवी मी चेकर. शाळेची दप्तरं बनायची आमच्याकडे, सगळी परदेशात जाणारी. दिवसभर दप्तर उलटंसुलटं करायचं, पट्टे ओढून बघायचे, चेन सरकवायची, लोंबता दोरा कापायचा. डोळे असे तयार झाले होते की रस्त्यात कोणाचं पोर पुढे चाललं असलं तरी त्याच्या दप्तराची वाकडी शिवण मला आधी दिसायची आणि पोर नंतर.

माझी धाकटी जाऊ त्याच कारखान्यात, पण सोल्युशनच्या खोलीत. मी तिला ‘धाकटी’च म्हणते. दप्तराचा तळ दुहेरी असतो, आत फोम आणि बाहेर रेक्झिन. ते दोन्ही सोल्युशन, म्हणजे उग्र वासाचा पातळ गोंद, लावून चिकटवायचं, मगच शिलाईला जातं. ही खोली गोदामाच्या मागे होती. बारा बायका, बारा डबे आणि खिडकी म्हणाल तर एकही नाही. दार उघडं ठेवलं की धूळ येऊन फोमवर बसायची, म्हणून दारही लोटलेलं. साहेब त्या खोलीत कधी पाय टाकायचा नाही. त्याला म्हणे वासाने मळमळायचं.

पहिल्या वर्षी धाकटीचं डोकं दुखायचं. दुसऱ्या वर्षी घरी येऊन उगाच हसत बसायची, आम्हाला वाटायचं, असेल स्वभाव. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या यायला लागल्या. मग एकदा कामावरून आली तर एका पायात चप्पलच नाही. “अगं, चप्पल कुठाय?” म्हटलं, तर तीच खाली बघून दचकली. चप्पल रस्त्यात कुठे निघून पडली ते तिला कळलंच नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, हे त्या वासाचं काम आहे. आत्ता लांब राहिलात तर पाय हळूहळू सुधारतील, नाहीतर पुढे चालणंच जाईल.

मी तशीच उठून साहेबाकडे गेले. म्हटलं, भिंतीला भोक पाडून एक पंखा बसवा, आतली हवा बाहेर फेकणारा. फार काही मागत नाही. साहेब म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मग म्हटलं, निदान माझ्या जावेला पॅकिंगला तरी घ्या. तर म्हणाला, “तिच्या हाताला सफाई आहे म्हणतात, तिला हलवली तर माल परत यायचा.” म्हणजे वाईट काम केलं असतं तर पाय वाचले असते बाईचे! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. पण मूग गिळून परत आले आणि चेन सरकवत बसले.

त्यानंतर दोन महिन्यांनी नवीनच टूम निघाली. समुद्रापलीकडच्या एका शाळेत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना धडा होता, आपण वापरतो त्या वस्तू येतात कुठून, त्या बनवणाऱ्यांना कसं वागवतात, आणि विचार करून खरेदी कशी करावी. त्या सगळ्या शाळेच्या पाठीवर आमचीच दप्तरं. तेव्हा मुलं पडद्यावरून दप्तर बनवणाऱ्यांशी बोलणार होती. कंपनी खूश झाली, फुकटची जाहिरात. साहेबाने मला बोलावलं.

“मास्तरीण, तीन बायका काढा. हसऱ्या बघा. आणि घोकून घ्या नीट. पोरंच आहेत, जास्त खोलात नाही शिरायची. तेवढी सोल्युशनवाली कोणी नको.”

मी हो म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात ठरवलं की यावेळी घोकून घ्यायचं नाही. माझा हिशेब सरळ होता. ऑडिटवाल्यांना न बघण्याचाच पगार मिळतो, पोरांना कोण देतंय पगार? पोरं विचारतील आणि ऐकतील. दोन बायका शिलाईतल्या घेतल्या, तिसरी धाकटी. कागदावर तिच्यापुढेही ‘शिलाई’ लिहिलं. साहेबाने त्या बारा जणींची तोंडं कधी पाहिलीच नव्हती, त्याला काय कळणार?

“धाकटे, खरं सांगायचं,” मी तिला बजावलं. “खोलीचं सांग, पायांचं सांग, आणि शेवटी पंखा माग. बाकी काही विसरलीस तरी चालेल, पंखा विसरू नकोस.”

“पोरांना काय गं कळणार पंख्याचं, जाऊबाई?”

“पोरं घरी सांगतील, घरचे दुकानदाराला सांगतील, दुकानदार कंपनीला. आणि कंपनी धरेल साहेबाचा कान. बघच तू.” बोलताना मला माझंच इतकं पटलं होतं की भिंतीला भोक कुठे पाडायचं तेही मी जाऊन बघून आले.

कॅन्टीनमध्ये पडदा लावला. समोर तीन खुर्च्या, बाजूला कंपनीची दुभाषी बाई, आणि साहेब पडद्यात दिसणार नाही असा भिंतीला टेकून. मी दाराशी. पडद्यावर वीस-पंचवीस पोरं आली, सगळ्यांनी हात हलवले. शिलाईवाल्या दोघी उठून हात हलवायला लागल्या. धाकटी बसल्या बसल्याच हलवत होती.

सुरुवातीचे प्रश्न गोड होते. एका दिवसात किती दप्तरं होतात, कोणता रंग आवडतो. साहेबाचा चेहरा फुलला. मग दातांना तारा लावलेली एक पोर पुढे झाली आणि धाकटीकडे बोट दाखवून काहीतरी बोलली. दुभाषी बाई म्हणाली, “ती विचारतेय, तुम्ही का उभ्या राहिला नाहीत?”

बघा, ऑडिटवाल्या बाप्यांना इतक्या वर्षांत जे दिसलं नाही ते त्या एवढ्याशा पोरीला दिसलं.

“मला पाय कळत नाहीत, बाळा,” धाकटी म्हणाली. आणि मग बोलत सुटली. खोली, डबे, लोटलेलं दार, रस्त्यात राहिलेली चप्पल. दुभाषी बाईने एकदा साहेबाकडे पाहिलं, मान वळवली आणि शब्दन् शब्द पलीकडे पोचवला. तो पोचला हे मला पोरांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. तारांवाल्या पोरीने तोंडावर हात ठेवला. धाकटी म्हणाली, “म्हणून आमचं तुमच्याकडे एकच मागणं…” आणि साहेबाने भिंतीतली वायर उपटली.

“नेटवर्क गेलं,” तो म्हणाला.

माझी पाचावर धारण बसली होती, पण मनातून मी खूश होते. म्हटलं, पंखा राहिला तर राहिला, बाकीचं तर पोचलं ना? एवढं ऐकल्यावर पंखा बसवायला हवा हे कोणालाही सुचेल.

नाही सुचलं. कसं सुचणार? पोरांना शाळेत जे शिकवलं होतं ते त्यांनी केलं. वर्गात हात वर करून ठरवलं, की अशी दप्तरं आपण वापरायची नाहीत. मग अख्ख्या शाळेने ठरवलं, मग त्या गावातल्या बाकीच्या शाळांनी. तिकडे पेपरात आलं. कंपनीने हात झटकले आणि कारखान्याची ऑर्डर बंद केली.

साहेब माझ्यावर ओरडला नाही. त्याने गडी लावून सोल्युशनची खोली रिकामी केली, पांढरा रंग मारला आणि आत खुर्च्या मांडल्या. मग दुसऱ्या एका कंपनीचे ऑडिटवाले आले, नाक वर करून हुंगून गेले, आणि फाटकावर पाटी लागली. या कारखान्यात कोणतंही विषारी रसायन वापरलं जात नाही! त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या बारा बायकाही तिथे नव्हत्या आणि मीही नव्हते.

धाकटी सोडून त्या सगळ्या एका सकाळी माझ्या दारात आल्या. मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यातली सगळ्यात म्हातारी एवढंच म्हणाली, “मास्तरीण, सांगायच्या आधी आम्हाला विचारलं का नाहीस?” माझ्या जावेचे पाय वाचवायला निघाले होते मी, बाकीच्या अकरा जणी मला दिसल्याच नव्हत्या. वीस वर्षं दुसऱ्यांना उत्तरं शिकवली आणि स्वतःवर वेळ आली तर तोंडातून चकार शब्द फुटला नाही.

पुढच्याच महिन्यात गल्लीत ठेकेदाराचा टेम्पो यायला लागला. फोम, रेक्झिन आणि सोल्युशनचे डबे घरोघर द्यायचे आणि चिकटवलेले तळ संध्याकाळी घेऊन जायचे. कारखान्यात वापरायचं नव्हतं ना, मग घरात वापरा! आमच्या दोन्ही घरांत मिळून तेव्हा कोणाच्याच हाताला काम नव्हतं. धाकटी म्हणाली, “बसून खाण्यापेक्षा बरं.” तिच्या स्वयंपाकघरात डबा उघडला. तिथे खिडकी होती, कारखान्यापेक्षा तेवढं जास्त. पण धूळ बसलेला तळ ठेकेदार तोंडावर फेकायचा, म्हणून तीही बंद केली. तिची सात वर्षांची लेक त्याच खोलीत अभ्यासाला बसायची, कारण दुसरी खोली नव्हती. एक दिवस ती पोर पाढे म्हणता म्हणता उगाच हसायला लागली. मी तिला उचलून बाहेर नेलं आणि जिन्यात बसून रडले.

धाकटी आता भिंत धरून चालायची. हाताच्या अंगठ्यांतला जोर गेला होता. ती सोल्युशन लावायची आणि दाबायचं काम मी करायचे.

अशात एका दुपारी दारात दुभाषी बाई उभी. तिची कंपनीतली नोकरी कधीच गेली होती. हात नाकाकडे गेला तिचा, पण तिने तो खाली घेतला.

“त्या मुलांचं पत्र आलंय,” ती म्हणाली. “पत्ता नव्हता, म्हणून मला पाठवलं.”

तिने वाचून दाखवलं. प्रिय काकू, तुमच्यामुळे आम्ही खूप शिकलो. ती जुनी दप्तरं आम्ही सगळ्यांनी टाकून दिली. आता आम्ही अशा कंपनीची दप्तरं घेतली आहेत, जिच्या कारखान्यात विषारी गोंद वापरतच नाहीत. आम्ही नीट चौकशी करून घेतली. तुमचे पाय आता बरे असतील ना? तुम्ही सध्या काय करता?

सोबत फोटो होता. एका बाजूला जुन्या दप्तरांचा ढीग. मी वाकून पाहिलं, एकाचीही शिवण उसवलेली नव्हती. चांगली दहा वर्षं टिकणारी दप्तरं कचऱ्यात गेली होती. दुसऱ्या बाजूला पोरं रांगेत पाठ करून उभी, नवीन दप्तरं दाखवायला. तारांवाली पोर मान वळवून हसत होती. दप्तराच्या तळाचे कोपरे गोल कापलेले, आणि उजव्या कोपऱ्यात रेक्झिनवर उमटवलेलं एक हिरवं पान.

माझ्या मांडीवर तसाच तळ होता. गोल कोपरे, हिरवं पान. जमिनीवर आणखी साठ पडले होते.

दुभाषी बाईनेही पाहिलं. मग माझा बांध फुटला. “लिहा!” मी ओरडले. “लिहा त्यांना, बाळांनो, चौकशी करायला कारखान्यात काय जाता, आमच्या स्वयंपाकघरात या! आणि या खेपेला पंख्याचं आधी लिहा, सगळ्यात वर!”

दुभाषी बाईने पेन काढलं. धाकटीने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “नको. बाई, पंख्याचं नका लिहू.”

“अगं, वेड लागलंय का तुला?”

“जाऊबाई, मागच्या वेळी मागायच्या आधीच खोली गेली. आता मागितलं तर हेही जाईल. पोरं चांगली आहेत गं, ती लगेच बंद करतील.” मग ती दुभाषी बाईला म्हणाली, “लिहा, पाय बरे आहेत. घरीच असते. लेकीचा अभ्यास घेते.”

दुभाषी बाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिला थांबवायला हवं होतं. बाहेर अकरा घरांत तेच डबे उघडे होते, आणि त्या म्हातारीचा प्रश्न मला पुन्हा ऐकू येत होता. मी मान खाली घालून मांडीवरचा तळ दाबत राहिले. तिने लिहिलं, घडी घातली आणि गेली.

टेम्पो यायला तासभर होता, काम निम्मंही झालं नव्हतं. धाकटीने ब्रश बुडवला, एका तळाला सोल्युशन लावून माझ्यापुढे सरकवला. मी दाबला, पण फोम एका कडेला वर राहिला.

“नीट दाब की,” ती म्हणाली. “पोरांच्या पाठीवर असतात ही दप्तरं.”