सगळ्यांना सारखी चौकट

नूतनच्या धंद्यात एक रीत आहे. विमा काढलेला माणूस वारला, की त्याच्या क्लेमचे पैसे गुपचूप बँकेत टाकून मोकळं व्हायचं नाही. गावात मांडव घालायचा, खुर्च्या मांडायच्या, फ्लेक्स लावायचा आणि चार माणसांदेखत त्याच्या बायकोच्या हाती चेक द्यायचा. म्हणजे बघणाऱ्यांना विम्याचं महत्त्व पटतं आणि नव्या पॉलिसी मिळतात. ही रीत शाखेतल्या साहेबांनी शिकवलेली. साहेब स्वतः कधी जंगलाच्या फाटकाजवळच्या मोहर्लीच्या पुढे गेले नव्हते, ती गोष्ट वेगळी.

नूतन मात्र अकरा वर्षं त्या बाजूला स्कूटी दामटत होती. भद्रावतीहून निघायचं, ट्रकांची धूळ खायची आणि जंगलाला लागून असलेल्या एका गावात दारोदार फिरायचं. सुरुवातीला लोक तिला विचारायचे, "साहेब कुठी हायत?" आणि मागून कुणी पुरुष येतो का ते बघायचे. कुणीच येत नाही म्हटल्यावर हळूहळू तिच्यासाठीच चहा टाकू लागले. सफारीची जिप्सी चालवणारे, गाईड, रिसॉर्टात राबणाऱ्या बाया, सगळ्यांचे विमे तिने काढले. नवरा संघपाल घुग्घुसच्या बाजूला कोळशाच्या खाणीत कामाला होता, घर त्याच्या पगारावर चाललं असतं. पण नूतनला स्वतःचा धंदा हवा होता, आणि तो तिने कुणाच्या बापाचा हात न धरता उभा केला होता.

एप्रिलात त्यांच्यातलाच एक, इतवारी, मोहफुलं वेचायला गेला आणि वाघाने त्याला धरलं. त्याच्या क्लेमसाठी नूतनने जिवाचं रान केलं. पोलीस, वनखातं, तहसील, कुठे म्हणून कुणाला तिने स्वस्थ बसू दिलं नाही. इतवारीची बायको सुकरी बँकेच्या पायरीवर थबकली, तर तिचा हात धरून तिला आत नेलं. पावसाळ्याआधी पैसे मंजूर झाले. इतकं चोख काम आपण आजवर केलं नाही, असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं. मग रीतीप्रमाणे कार्यक्रम ठरला.

फ्लेक्सची कल्पना तिची स्वतःची. मधे इतवारी आणि त्याच्याभोवती गावातले विमा काढलेले सगळे. आता फ्लेक्सवर एकाचा फोटो मोठा नि दुसऱ्याचा लहान झाला, की गावात तोंडं फुगतात. म्हणून भद्रावतीच्या प्रणित फ्लेक्सवाल्याला तिने बजावलं, "सगळ्यायले सारखं ठेव रे बाबू. साइज सारखी, चौकट सारखी. मले कोनाची कटकट नको."

प्रणित आज्ञाधारक निघाला. इतवारी वारलेला, म्हणून त्याला त्याने झेंडूच्या हाराची चौकट दिली. आणि ताईंचा हुकूम म्हणून तीच चौकट सगळ्यांना दिली.

नूतनने गुंडाळी तशीच स्कूटीला बांधून नेली, उघडूनसुद्धा पाहिली नाही. मांडवात ती उलगडली मुखरूने. मुखरू जिप्सी चालवायचा, तिचं गावातलं पहिलं गिऱ्हाईक. स्वतःचा चेहरा दिसताच तो आधी हसला, मग हसू तोंडातच राहिलं.

"ताई, मले हार काऊन घातला?"

सगळ्यांच्या माना फ्लेक्सकडे वळल्या. जिवंत माणसं इतवारीच्या भोवती हार घालून बसली होती. "अहो, डिझाइन हाय ते मुखरूभाऊ!" म्हणत नूतन एकटीच हसली. साहेब आलेच नव्हते. सुकरीने खाली मान घालून चेक घेतला आणि चहा यायच्या आत खुर्च्या रिकाम्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात ती हप्ते घ्यायला गेली, तेव्हा फ्लेक्स अजून खांबावर होता. पण त्याला भोकंच भोकं पडली होती. ज्याने त्याने येऊन आपापला चेहरा कापून नेला होता. मधे एकटा इतवारी शिल्लक होता.

"मालक घरी नाई," बाया दारातून सांगत, आणि मालकांच्या चपला उंबऱ्याशी दिसत. एका घरी तर तिला बघून कडी लावली. नूतनचं डोकं सणकलं. हेच लोक, यांच्याच गावच्या बाईला मी पैसे मिळवून दिले, आणि मीच अवदसा? महिनाभर ती खेपा घालत राहिली आणि महिनाभर तिची बोळवण होत राहिली. मुखरूच्या हप्त्याची सवलतीची मुदत संपत आली, त्यानंतर त्याचा विमा बंद पडणार होता. तो रोज उघड्या गाडीतून वाघ दाखवायला जाणारा माणूस. शिवाय त्याने भरला तर बाकीचे भरतील, त्याने सोडला तर हे गाव हातचं गेलं, हे नूतनला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी ती त्याच्या अंगणात ठाण मांडूनच बसली.

"ताई, तुमी वाईट नाई," मुखरू अवघडून म्हणाला. "पन घरचे आयकून नाई राह्यले."

घरचे म्हणजे त्याची आई. ठमाबाई तिथेच सुपात तांदूळ पाखडत होती. नूतनने मग तिच्याकडेच मोर्चा वळवला. फोटोने माणूस मरतो का, हाराने मरतो का, सगळं बोलून घेतलं. "आमच्या आज्यानं छप्पन सालीच दीक्षा घेतली नि हे सारं सोडलं ठमाबाई. आम्ही असलं काही मानत नाई. तुम्हीबी मानू नका."

ठमाबाईने सूप खाली ठेवलं. "तुह्या मालकाचा इमा कोनं काढला?"

"म्याच काढला."

"मंग त्याचा फोटो काऊन नव्हता त्याच्यात?"

"तो या गावचा नाही ना."

"खानीत उतरते ना तो? लाव त्याचा बी. इतवारीच्या बाजूले, हार घालून. तू लावला का मुखरू हप्ता भरन. बाकीच्यायले मी सांगतो."

"एवढंच ना?" नूतन तरातरा उठली. "उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती प्रणितच्या दुकानात हजर झाली. त्याने कॉम्प्युटरवर इतवारी घेतला, शेजारी झेंडूची रिकामी चौकट ठेवली. "टाका ताई फोटो."

तिने मोबाइलमधला फोटो काढला. कुणाच्याशा लग्नातला, उन्हाने डोळे बारीक केलेला संघपाल. प्रणितचा नंबर निवडला. अंगठा तेवढा टेकवायचा राहिला.

अंगठा टेकेना. फोटोच तर आहे, ती स्वतःला म्हणाली. काल अंगणात जे जे बोलली ते सगळं तिने पुन्हा आठवून पाहिलं, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी अंगठा टेकेना.

"हाराशिवाय नाही का होणार?"

"होते ना ताई. पन तुमीच म्हनलं होतं, सगळ्यायले सारखं."

ती बाहेर आली. संघपाल पहिल्या पाळीला गेला होता. खाणीत फोन लागत नाही हे माहीत असूनही तिने लावून पाहिला, मग पुन्हा लावला. स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं तिला झालं. काहीतरी थाप मारता आली असती, दुकान बंद होतं म्हणून, मशीन बिघडली म्हणून. पण इतक्या वर्षांत तिने या गावाला थाप मारली नव्हती.

ठमाबाई अंगणातच होती. "आनला?"

"नाही."

"काऊन?"

"मले नाही जमलं."

ठमाबाई घराकडे तोंड करून ओरडली, "मुखरू, बाईले हप्ता दे." आणि नूतनला म्हणाली, "बस पोरी. चहा घे."

दुपारपर्यंत दारं उघडली. चपला उंबऱ्याशी होत्या आणि मालकही घरी होते. कुणी मागचा हप्ता दिला, कुणी पुढच्याचीही चौकशी केली. नूतन पावत्या फाडत होती आणि आतून धुमसत होती. अकरा वर्षं समजावलं, वणवण केली, क्लेम आणून हाती दिला, त्याचं काहीच नाही. ती त्यांच्याइतकीच भित्री निघाली म्हणून पैसे मिळत होते. ठमाबाईवर राग, साहेबांवर राग, प्रणितवर राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

परत येताना भद्रावतीला ती घराकडे वळलीच नाही. सरळ घुग्घुसच्या रस्त्याला लागली आणि खाणीच्या गेटासमोर, ट्रकांच्या धुळीत, स्कूटी लावून उभी राहिली. पाळी सुटली. काळवंडलेल्या चेहऱ्यांमधून ती एकेक चेहरा निरखत राहिली. संघपाल अगदी शेवटी आला, कुणाशी तरी हसत.

तिला बघून तो दचकलाच. "तू इथी? काऊन वं, काय झालं?"

"कुठं काय झालं?" ती त्याच्यावर खेकसली. "एवढा उशीर काऊन केला?"