घट्ट बूट

"अजून आवळा," पोरगी म्हणाली.

मॅडमनी फीत सोडली आणि बूटच उतरवला. स्केटिंगची निवड स्पर्धा तोंडावर आलेली, बाहेर बर्फ सपाट करणारं यंत्र फिरतंय, आणि प्रशिक्षक बाई मोजा काढत बसल्यात म्हटल्यावर पोरीच्या आईचा जीव खालीवर झाला. मॅडमनी घोट्याच्या वर, नडगीवर अंगठा दाबला. पोरगी ओरडली नाही. तिने नुसतं छताकडे पाहिलं.

मॅडमना तेवढं पुरलं. कधीकाळी त्याही असंच छताकडे बघायच्या. तेव्हा त्यांना सगळे भोवरा म्हणायचे, बर्फावर गिरकी घेतली की चेहरा दिसायचा नाही म्हणून. घट्ट बांधलेला बूट म्हणजे प्लास्टरच, असं त्यांचे गुरू सांगायचे. हाडाला गेलेली चीर त्या प्लास्टरात खुशाल लपून राहिली आणि अंतिम फेरीत पहिल्याच उडीला हाडाने दगा दिला. तेव्हापासून त्या कठड्याला टेकून शिकवतात आणि उड्या हातांनी दाखवतात. इतक्या वर्षांत राष्ट्रीय संघाच्या दारापर्यंत पोचलेली ही त्यांची पहिलीच पोरगी. लोभ त्यांनाही होता, खोटं कशाला बोला.

"हिला उतरवायचं नाही," त्या आईला म्हणाल्या. "हाड तडकलंय. आज उड्या मारल्या तर मोडेल."

आईने आधी गोडीत घेतलं. डॉक्टरला उद्या दाखवू, गोळी दिलीय, निवड काही रोज होत नाही. मग पहाटेची धावपळ, सोडलेली नोकरी, धाकट्याची झालेली आबाळ, सगळं बाहेर निघालं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, हीच पंचाईत. तरीही मॅडम हलेनात, तेव्हा ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं झालं नाही, म्हणून हिचंही होऊ नये. असंच ना?"

हे मॅडमच्या वर्मी लागलं. तरी त्या उठून मुख्य परीक्षकांकडे गेल्या. आई तयार, मुलगी तयार, मग आम्ही कोण अडवणार, असं म्हणून परीक्षकांनी हात झटकले. परत येऊन बघतात तो दुसऱ्या क्लबचे सर गुडघ्यावर बसून पोरीच्या बुटाची फीत आवळत होते. या पोरीवर त्यांचा डोळा होताच. आता आयती हाती लागली.

मॅडमनी मागच्या रांगेत उभं राहून सगळं पाहिलं. पोरगी प्रत्येक उडीनंतर त्याच दुखऱ्या पायावर उतरली, आणि एकदाही डळमळली नाही. निवड झाली. लोक उभे राहिले. मॅडमनाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि त्या वाटण्याचीच त्यांना शिसारी आली.

थोड्या वेळाने आई आणि नवे सर फोटोवाल्यांच्या गराड्यात होते. पोरगी खोलीत एकटीच बाकावर बसलेली. दारातून जाणाऱ्या मॅडमना तिने हाक मारली.

"बूट निघत नाहीये."

फीत पूर्ण सुटली होती, पण पाय सुजून आत गच्च बसला होता. मॅडम खाली बसल्या. त्यांनी पिशवीतून कात्री काढली.

"चामडं कापावं लागेल."

पोरीने त्यांचा हात धरला. "कापू नका, मॅडम. उद्या सरावाला हाच घालायचाय."

मॅडमनी कात्री खाली ठेवली आणि टाच दोन्ही हातांत धरून बूट हळूहळू ओढायला लागल्या.