भिंतीपलीकडचा भार

बायकोच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर मी एकच गोष्ट ठामपणे ठरवली, आणि आयुष्यभर ठामपणे काही ठरवण्याची सवय नसलेल्या माणसाला अशा वेळी जो घाम फुटतो तो फुटूनही मागे हटलो नाही: तिला स्टुलावर बसून, बादलीसाठी न वाकता, गरम पाण्यानं आंघोळ करता आली पाहिजे. "ओल्या फडक्यानं पुसून पुसून माझी फरशी केलीत तुम्ही," ती म्हणायची. म्हणून पाणी जागच्या जागी तापवणारा विजेचा शॉवर आणला.

"काका, हा लावला तर तुमची ही जुनी फ्यूजपेटी पहिल्याच आंघोळीत राम म्हणेल," वायरमन म्हणाला.

तेव्हा पेटीही बदलायची ठरली. पण जुनी उतरवण्याआधी कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा ते कळायला हवं होतं. तो दाराशी उभा राहून एकेक फ्यूज उपसायचा, मी घरभर हिंडत जे बंद पडेल ते ओरडून सांगायचो, की तो परत बसवायचा. स्वयंपाकघर झालं, बैठक झाली, बेडरूम झाली. शेवटचा उपसला तेव्हा मात्र काहीच बंद पडलं नाही.

"हा रिकामाच दिसतोय," मी म्हणालो.

"लाइट गेली हो!" बेडरूममधून बायको ओरडली.

मी आत गेलो. तिच्या डोक्यावरचा दिवा जळत होता, पंखा फिरत होता.

"अगं, चालू आहे की."

"इथली नाही. पलीकडची." तिनं उशाकडच्या भिंतीकडे मान वळवली. "बिचारे अंधारात बसलेत."

त्या भिंतीपलीकडे काही नाही. खिडकीतून वाकलं की भिंतीची बाहेरची बाजू, पाण्याचे पाइप आणि पार खाली उभ्या असलेल्या मोटारी दिसतात. तरी मी वाकून पाहिलं. गोळ्यांचा अंमल असेल, असं मनाशी म्हटलं, आणि लगेच वाटलं, गॅस बंद केला की नाही हे पाहायला जिन्यावरून माघारी येणारा मी, दुसऱ्याच्या डोक्याचं निदान करणारा कोण? म्हणून पारख करायची ठरवली. दोघंही दिसतील असा पॅसेजमध्ये उभा राहिलो आणि वायरमनला नुसत्या खुणेनं फ्यूज बसवायला सांगितलं.

"आली," ती म्हणाली.

उपसायला लावला. "गेली."

थांबून थांबून, मधेच हुलकावणी देऊन पाहिलं. तिचं एकदाही चुकलं नाही.

वायरमननं फ्यूज बसवून वायरीला मापकाचा चिमटा लावला आणि आकड्याकडे बघत राहिला. "यावर भार आहे, काका. चांगला घसघशीत. कुठेतरी काहीतरी चालू आहे."

"शेजाऱ्यांचं असेल?"

"तुमच्या मीटरवर? मग मजा आहे त्यांची." पण तो हसला नाही. "हा भार ठेवून शॉवर लावला तर मेनच उडेल. ही वायर जाते कुठे ते भिंत फोडून बघावं लागेल. पुढच्या आठवड्यात येऊ?"

एरवी मी पुढचा आठवडा आनंदानं पत्करला असता. विचार करायला अवधी मिळाला की मला बरं वाटतं. पण आत ती, केसांना वास येतो म्हणून ओशाळून, उशीवर टॉवेल अंथरून झोपत होती.

"कापा," मी म्हणालो.

त्यानं मेन स्विच पाडून वायर कापली, टोकाला टेप गुंडाळली आणि ते भिंतीत दडपून टाकलं. बेडरूममधून या वेळी कसलाच आवाज आला नाही.

दुपारपर्यंत नवी पेटी बसली, बाथरूमपर्यंत जाड वायर ओढून झाली, शॉवर लागला. वायरमन गेल्यावर मी तिला स्टुलावर बसवलं, दार लोटून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसलो. फटीतून वाफ येऊ लागली.

"जमतंय ना?"

"अहो, स्वर्ग आहे स्वर्ग! आधी का नाही सुचलं तुम्हाला?"

कितीतरी दिवसांनी ती माझ्यावर अशी डाफरली होती. मला फार बरं वाटलं.

बऱ्याच वेळानं ती वॉकर टेकत बाहेर आली. केस निथळत होते, चेहऱ्यावर पूर्वीचा रंग होता. तिनं दार मागे ओढून घेतलं. आत पाणी पडतच होतं.

"शॉवर बंद करायचा राहिला," मी उठत म्हणालो.

"राहू द्या," ती आवाज खाली आणून म्हणाली. "त्यांचं व्हायचंय अजून."

मी दार ढकललं. आतून कडी होती.