मी हँग नव्हतोच!

मी एक जुना कीबोर्ड आहे. जुना म्हणजे मेलेला नव्हे, मित्रांनो. हे आधीच बजावतो, कारण २००९ साली एका शनिवारी दुपारी मला मेलेला ठरवण्यात आलं होतं.

माझ्या प्रत्येक कळीखाली रबराचा छोटा फुगवटा आहे. कळ दाबली की तो खाली टेकतो आणि माझ्या वायरीतून कॉम्प्युटरला निरोप जातो. एवढंच माझं काम. मीरा रोडच्या शांती नगरात एका सायबर कॅफेत ते मी सहा वर्षं चोख केलं. बारावीचे निकाल, नोकरीचे अर्ज, दुबईतल्या नवऱ्यांना पत्रं, सगळं माझ्यावरून गेलं. गेममध्ये हरणाऱ्यांनी माझ्यावर मुठी आपटल्या. ए आणि ई ही अक्षरं पुसली गेली, कळा मात्र चालत राहिल्या. मग कॅफे बंद झाला आणि मी, माझा जोडीदार माउस व आमचा कॉम्प्युटर नवघरच्या एका मंडळाच्या खोलीत आलो.

नुकतीच फिजिक्सची पदवी घेतलेली क्षितिजा तिथे घरकाम करणाऱ्या सात बायकांचा कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करणार होती. जुनी सिस्टिम व्हायरसनं खाल्ली होती, म्हणून तिनं लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमची सीडी आणली. मंडळाचे सेक्रेटरी दत्तारामकाका मात्र खोलीत कॅरम लावायच्या विचारात होते.

"चारपर्यंत चालू झाला तर खोली तुमची," ते म्हणाले. "नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंय मी."

सीडी फिरली. पहिल्या पडद्यावर क्षितिजानं एंटर दाबलं, मी निरोप दिला, तो पोचला. मग भाषांची यादी आली. निळी पट्टी इंग्लिशवर होती आणि मराठी बरीच खाली. तिनं खालचा बाण दाबला. पट्टी हलली नाही. पुन्हा दाबला. माउस फिरवला. काहीच नाही.

"हँग झाला!" काका खुशीत म्हणाले.

"काय हँग झालं, काका?"

"अगो, हँग म्हणजे हँग! काल माझा मोबाइल हँग, परवा स्कूटर हँग. आता हा कीबोर्ड. बघ, दिवासुद्धा लागत नाय."

मित्रांनो, संताप झाला माझा! माझ्या कोपऱ्यातला तो दिवा मी लावत नाही, कॉम्प्युटरनं हुकूम दिला तरच लागतो. आणि हा 'हँग' शब्द! मशीन थांबलं तरी हँग, कळ मेली तरी हँग, निरोप वाटेत अडला तरी हँग. एका शब्दात सगळे दोष कोंबायचे आणि शिक्षा मला द्यायची?

"कीबोर्ड आणि माउस दोघं एकाच क्षणी कसे मरतील?" क्षितिजा पुटपुटली. "आणि आत्ताच तर एंटर चालला."

तिनं आधी कॉम्प्युटर बंद केला, कारण आमची गोल पिन चालू मशीनमधून ओढायची नसते. मग मला शेजारच्या हंसाबेनच्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन जोडलं. मी एकूण एक अक्षर उमटवलं.

"ये तो मेरेवाले से अच्छा चलता है!" हंसाबेन म्हणाल्या आणि आपला नवा कोरा कीबोर्ड क्षितिजाला दिला. तो आमच्या मशीनला लावला. भाषांच्या यादीपाशी तोही मुका! मला वाईट वाटलं म्हणू? नाही वाटलं.

"पावणेचार," काका म्हणाले. भंगारवाल्याची हातगाडी दाराशी लागली होती.

वर्गात नाव घातलेल्या मंदाताई उंबऱ्यातच बसल्या. "दत्ताभाऊ, पंधरा मिनिटं हायत अजून. गाडी माझ्यावरनं न्यायची असंल तर न्या."

क्षितिजानं मला पुन्हा जोडलं आणि मशीन सुरू होतानाच डिलीट दाबून सेटिंगचा पडदा उघडला. "सुरुवातीला हे मशीन स्वतः कळा ऐकतं," ती मंदाताईंना सांगू लागली. "नंतर लिनक्स स्वतः ऐकायला लागतो. म्हणजे गडबड मधेच कुठेतरी आहे." ती एकेक ओळ वाचत गेली. यूएसबीच्या, म्हणजे चपट्या पिनच्या नव्या कीबोर्डसाठीची एक सोय चालू होती. अशा कीबोर्डला माझ्यासारख्या गोल पिनवाल्याचं सोंग देणारी सोय! यूएसबी कीबोर्ड तिथे नव्हताच, पण हा तोतया माझ्या जागी बसला होता आणि लिनक्सला माझा आवाज ऐकू देत नव्हता. क्षितिजानं ती सोय बंद केली. माझ्याच कळांनी, बरं का!

पुन्हा भाषांची यादी आली. चारला दोन मिनिटं होती. क्षितिजा खुर्चीवरून उठली. "मंदाताई, तुम्ही दाबा."

"मी? मोडंल ना गो!"

"नाही मोडत तो."

त्यांचं भांडी घासून खरखरीत झालेलं बोट माझ्या बाणावर टेकलं. पट्टी एक घर खाली सरकली. मग आणखी एक. मंदाताई एकेक घर उतरत गेल्या, मराठीवर थांबल्या आणि त्यांनी एंटर दाबलं. पडदा मराठीत बोलू लागला.

काकांनी घड्याळ पाहिलं. मग बाहेर जाऊन म्हणाले, "भाई, आज कुछ नहीं है. जाओ."

मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर चहा सांडू नका, मुठी आपटू नका. पण मला तुमची दया नको. माझ्यात दोष असेल तर शोधा, सिद्ध करा, मग खुशाल फेका. तोवर मी इथून हलणार नाही. सोमवारी सात बायका येणार आहेत, आणि मला खूप काम आहे.