गुडघ्याशी संपलेली अकरा चित्रं

रंगमंचावर तरंगणाऱ्या मुलींची चित्रं कुणीही काढील, असं मावशीचं ठाम मत होतं. तिला त्या खाली उतरल्यावरच बघायला आवडायचं. बाकावर तंगड्या पसरून केळं खाणाऱ्या, बुटांना फिती शिवताना सुई टोचली की करवादणाऱ्या. बॅलेच्या मंडळींनी नाट्यगृहाच्या व्हरांड्यासाठी अशीच चित्रं मागितली, तेव्हा ती तालमीच्या खोलीत कोपरा धरून ठाण मांडून बसली. शिवाय तिथं तिची भाची नाचायची, चिमणी. आई गेल्यापासून मावशीनंच वाढवलेली.

आठ वर्षं मागच्या रांगेत घालवल्यावर चिमणीला यंदा पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली होती. आणि प्रयोगाला दहा दिवस उरले असताना तिचा उजवा घोटा दुखावला.

"मावशे, कुणापाशी बोलायचं नाही हं," तिनं बजावलं. "बाईंना कळलं तर भूमिका गेलीच. आणि माझे पाय काढू नकोस."

"अगं, डॉक्टरला तरी दाखव."

"दाखवला. म्हणतो, दीड महिना घरी बस. बसून काय अंडी उबवू?"

मावशीला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. पोरीला दटावून घरी न्यावं की डोळ्यांवर कातडं ओढावं, तिला ठरवता येईना. शेवटी तिनं जमेल तेवढं केलं. चिमणीची अकरा चित्रं काढली आणि प्रत्येक कागद गुडघ्याशीच संपवला. केस बांधणारी चिमणी, खिडकीपाशी पाणी पिणारी चिमणी, पाय कुठंच नाहीत. आपण भलत्याच हुशार निघालो, असंही तिला वाटून गेलं.

दुपारी नाच बसवणाऱ्या बाई चित्रं बघायला आल्या. चाळीस वर्षं पोरींना नुसतं उभं राहायला शिकवण्यात घालवलेली बाई ती. बाकीच्यांची चित्रं त्यांनी हसत हसत चाळली. चिमणीची मात्र जमिनीवर ओळीनं मांडली आणि वाकून एकेक निरखलं.

"हिची डावी कंबर सगळीकडे वर आहे," बाई म्हणाल्या. "डावा खांदा खाली. अकराच्या अकरा. उजव्या पायावर ही भारच देत नाहीये."

"माझीच चूक असेल हो. म्हातारीचा हात, वळतो मेला एकीकडे."

"तुमचा हात चुकत नाही. म्हणून तर बोलावलं तुम्हाला."

इतकं कौतुक मावशीचं जन्मात कुणी केलं नव्हतं. पाय वगळायचं तिला सुचलं, पण कंबर खोटी काढायचं डोक्यातच आलं नव्हतं. दिसली तशी काढली होती.

बाईंनी चिमणीला खोलीच्या मधोमध बोलावलं. "उजव्या पायाच्या बोटांवर उभी राहा. आठ मोजेपर्यंत."

चिमणी चढली. मान ताठ, चेहऱ्यावर हसू. कोपऱ्यात मावशी जीव मुठीत धरून आकडे मोजत होती. पाचला घोटा कलला, हसू तसंच राहिलं. बाईंनीच धावत जाऊन तिला सावरलं.

"भूमिका दुसरीला द्यावी लागेल, बाळ," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

चिमणी रडली नाही. मावशीशेजारी येऊन बसली, फिती सोडल्या, बूट काढला, पट्टी उलगडली. घोटा वांग्यासारखा जांभळा झाला होता.

"मावशे, काढ आता."

"चिमणे, माझं चुकलं गं. मला माफ कर."

"काढ ना. व्हरांड्यात तेवढं तरी लागेल माझं."

मावशीला सगळे कागद टराटरा फाडावेसे वाटले. तिनं पेन्सिल उचलली. सूज जरा कमी दाखवावी, असं मनात फार आलं, पण हात ऐकेना. पाऊल हुबेहूब उतरलं, सुजेसकट.