भगवंत सरांचं रक्त

भगवंत सर शिकवायला लागले की अमरावतीच्या त्या कॉलेजात मागच्या बाकावरची पोरंही गप्प बसायची. सदुसष्ट साल. जनुकांच्या लिपीचा पुरता उलगडा होऊन जेमतेम वर्ष झालेलं. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी एकच अक्षर पुन्हापुन्हा लिहिलेली चिठ्ठी कशी बनवली, जंतूंच्या रसात ती कशी टाकली आणि प्रथिनाच्या माळेत एकाच जातीचे मणी कसे ओवले गेले, हे सर असं सांगत, की जणू स्वतः तिथं हजर होते. अक्षरं चार, तीन-तीन अक्षरांचे शब्द चौसष्ट, आणि त्या शब्दांवरून ओवायचे मणी मात्र वीसच प्रकारचे.

"एक अक्षर बदललं तर?" म्हणत त्यांनी फळ्यावर 'शरण' लिहिलं आणि त्याचं 'सरण' केलं.

"सर, आमच्या इकडं दोन्ही एकच हायेत!" कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला, सरही हसले.

"तिथंही तसंच हाय. पुष्कळदा अक्षर बदलूनही मणी तोच राहते. पण एखाद्या वेळी मणीच बदलते, अन् रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात."

एवढं ज्ञान, पण ते घराचा उंबरठा काही ओलांडत नसे.

त्यांची सहा वर्षांची शकुन हातपाय दुखतात म्हणून दिवसदिवस विव्हळायची. नागपूरच्या डॉक्टरांनी 'सिकल सेल' असं नाव सांगितलं, तेव्हापासून सरांच्या आईनं, जाईबाईनं, सुनेला धारेवर धरलं होतं. "आमच्या खानदानात कोनाले नाई हे. इच्याच माहेरचं नासकं रगत! धाडून दे इले अकोल्याले, दुसरी करू."

बिघडलेलं अक्षर आई आणि बाप दोघांकडूनही आलं तरच हे दुखणं होतं, एकाकडूनच आलं तर माणूस धडधाकट राहतो, हे सरांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या रक्ताचा थेंबही त्यांनी हवा लागणार नाही असा काचेत बंद करून, दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. विळेच विळे. मग काच धुऊन, पुसून जागेवर ठेवून दिली. असली विद्वत्ता काय जाळायची आहे?

त्यांच्या बायकोनं, मनकर्णेनं, एकदा भीतभीत विचारलं, "तुमचं रगत पाह्यलं का हो?"

"पाह्यलं. साफ हाय."

शिकलेल्या नवऱ्याचा शब्द. तिनं तो खरा मानला.

एसटी स्टँडवर अकोल्याची गाडी लागली. शकुनला खांद्याशी धरून मनकर्णा वाकली आणि तिनं सरांच्या पायांना हात लावला. "माह्या रगतानं पोरीचं वाटोळं केलं. मले माफ करजा."

सरांनी इकडंतिकडं पाहिलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "केलं माफ."