मैनेला मध्ये घालून

माझी नोकरी खोट काढण्याची आहे. वाळूजच्या एका कारखान्यात लाईनच्या शेवटी उभी राहून मी तयार पार्ट तपासते. घरातले म्हणतात, हिला पगार दिला नसता तरी हिनं हेच केलं असतं. माझ्या हाताशी एक लाल बटण असतं. नियम असा, की शंका आली की दाबायचं, खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. बटण दाबलं की अख्खी लाईन थांबते आणि सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मंगलाष्टकं चालू असताना मी शिंकले. म्हणून नवीन मुली बटण दाबायच्या आधी शेजारणीच्या तोंडाकडे बघतात. शेजारीण तिच्या शेजारणीकडे बघते. तेवढ्यात खराब माल पेटीत जाऊन बसलेला असतो.

बजाजनगरात आमच्या दोन खोल्या आहेत आणि पुढे ओटा. माझी पहिली पाळी, नवऱ्याची, म्हणजे सोमनाथची, दुसरी. मी घरात शिरते तेव्हा तो बाहेर पडत असतो. आमचा संसार बराचसा उंबऱ्यावर चालतो. भाजी काय केली, सिलिंडर आलं का, कुणाचा फोन होता, एवढं बोलणं होतं आणि त्याची बस येते.

ओट्यावर माझे सासरे बसलेले असतात. बन्सी त्यांचं नाव, मी त्यांना मामा म्हणते. सासूबाई, आवडाबाई, गेल्या तेव्हा ते देवगाव रंगारीहून एक पिशवी आणि एक कुत्री घेऊन इथं आले. कुत्रीचं नाव मैना. तपकिरी, गावठी, एक कान कायमचा मोडलेला. सासूबाईंनी तिला पिल्लू असताना गोठ्यामागून उचलून आणली होती आणि वाटीनं दूध पाजून वाढवली होती.

मामा माझ्याशी सरळ बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. सासऱ्यानं सुनेशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. पण चहा तर लागतो. मग ते मैनेला म्हणतात, "मैने, चहा झाला का गं?" मैना शेपूट हलवते आणि मी चहा आणते. "मैने, आज भाजीत मीठ जास्त पडलंय बरं का." मैना ऐकून घेते आणि मी मनातल्या मनात फणफणते. मीही शिकले. "मैने, मामांना म्हणावं, औषध घ्या." असं आमचं चालतं. सुरुवातीला मला हसू यायचं, मग राग यायचा, आता त्याशिवाय घर चालणार नाही असं वाटतं. मैना मध्ये नसेल तर या घरात दोन माणसं एकमेकांसमोर मुकी बसतील, आणि मामा तर पार एकटे पडतील. सासूबाईंच्या हातचं त्यांच्याजवळ एवढंच उरलं आहे.

ऐन वैशाखात मैना मलूल झाली. भाकरी पुढ्यात तशीच राहू लागली. उंबऱ्यावर मी सोमनाथला विचारलं, तर तो म्हणाला, "पाणी पिते ना? मग बरी हाय. ऊन हाय, खाणार कसं?" मलाही पटलं. मी सकाळी निघताना तिचं जर्मनचं भगुलं भरून ठेवायची आणि परतल्यावर ते रिकामं दिसायचं. म्हणजे पाणी पिते. मामाही भगुलं भरायचे. रात्री सोमनाथही भरायचा. प्रत्येकाला वाटायचं, दिवसाचं एक भगुलं संपतं. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार याच्यावरून लोक पाहुण्यांना कधी बोलवायचं ते ठरवतात, तिथं आमच्या घरात कुत्रीनं किती पाणी प्यायलं हे कुणी मोजलं नव्हतं.

मग आम्हा दोघांची एकाच दिवशी सुट्टी आली. सकाळी मी चहाबरोबर एक गोळी घेतली. माझं पोट दुखत होतं, ते दुखतच असतं, कुणी विचारलं की मी ॲसिडिटी म्हणते. गोळी गिळून भगुलं भरलं आणि भाजी निवडायला बसले. मैना खुरडत आली, लपलप करत भगुलं संपवलं आणि तिथंच बसून राहिली. मामांनी पुन्हा भरलं. तेही संपलं. थोड्या वेळानं सोमनाथ तांब्या घेऊन आला.

"अहो, थांबा," मी म्हणाले. "हे तिसरं."

"मग?"

"रोज असंच चालू असणार. आपण तिघं वेगवेगळे भरतो म्हणून कळत नव्हतं."

तेवढ्यात मैना उठली, दोन पावलं गेली आणि पिवळं पाणी ओकली. उलटीत खाल्लेलं काहीच नव्हतं. मी जवळ गेले तर तिनं मान उचलली नाही. पोट मात्र तट्ट दिसत होतं. दोन दिवस न खाल्लेल्या कुत्रीचं पोट खपाटीला जायला हवं. मला ते पटेना.

मामा मैनेला म्हणाले, "मैने, लंघन करू राह्यली तू. गवत खाशील, उलट्या करशील, साफ व्हशील. जनावराला त्याचं समजतं."

सोमनाथ म्हणाला, "संध्याकाळी ऊन उतरलं की नेऊ दवाखान्यात. आता ह्या उन्हात गाडीवर तिचे लई हाल व्हतील."

दोन्ही म्हणणी ऐकायला बरी होती. मी मात्र छावणीच्या बाजूला जनावरांचा दवाखाना असलेल्या डॉक्टर लुबनांना फोन लावला. मागे मैनेला त्यांच्याकडेच इंजेक्शन दिलं होतं. फोन मी मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

डॉक्टरांनी फापटपसारा न करता विचारायला सुरुवात केली. हाक मारल्यावर उठते का? ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघा. दिसतो का गुलाबी? मी ओठ वर केला. गुलाबी म्हणता येईना, फिकट होता. पाणी किती पिते? मी भगुल्यांचं सांगितलं. पोट कसं आहे? तेही सांगितलं.

"ऑपरेशन झालेलं नाहीये ना तिचं? पिल्लं न होण्याचं?"

"नाही."

"मग हे नीट सांगा. माजावर कधी आली होती? आणि खालून काही घाण जातेय का? गेल्या एक-दोन महिन्यांत माजावर येऊन गेली असेल आणि आता एवढं पाणी पीत असेल, तर संध्याकाळची वाट बघू नका. आत्ता घेऊन या. तसं नसेल तर वेगळा विचार करू."

मी मामांकडे बघितलं. दिवसभर मैनेजवळ तेच असतात. मामा डोक्यावरची टोपी काढून टोपीच्या आतल्या बाजूला काहीतरी शोधू लागले.

"मामा, मैना माजावर कधी आली होती?"

मामा उठले आणि ओट्याच्या टोकाला जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. एरवी अशा वेळी ते मैनेला काहीतरी म्हणाले असते. पण या वेळी मैनेला मध्ये घालता येत नव्हतं, प्रश्न तिचाच होता.

"दादा, सांगा की," सोमनाथ म्हणाला, आणि तोही भिंतीकडे बघायला लागला. बापलेक दोघं जण जगातली प्रत्येक गोष्ट बघत होते, फक्त माझ्याकडे सोडून.

"हॅलो?" फोनवरून डॉक्टर म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "मामा," मी म्हणाले, "लाजायला नंतर भरपूर वेळ आहे. तुम्ही सांगा, नाहीतर मी हिला अशीच उचलून घेऊन जाते. मला खात्री नको आहे, शंका पुरे आहे."

आणि मी मैनेच्या पोटाखाली हात घातला. ती कण्हली. त्या आवाजानं मामा वळले. बोलले सोमनाथकडे बघून, पण आवाज मला ऐकू येईल एवढा होता.

"महिना व्हऊन गेला. मीच बांधून ठेवली व्हती मागं. चार रोज झाले, घाण जाऊ राह्यली तिला. वास मारतो. फडक्यानं पुसून घ्यायचो मी."

"दादा! आन् सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? तू पाळीवर. आन् हिला..." मामांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "हिला कसं सांगायचं असलं?"

डॉक्टरांनी सगळं ऐकलं होतं. "निघा," त्या म्हणाल्या. "खायला काही देऊ नका. मी तयारी करते."

शेजारच्या शौकतभाईंची रिक्षा दारातच उभी होती. मैनेला चादरीत गुंडाळलेली बघून त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. सीट खराब होईल असं मी म्हणाले, तर म्हणाले, "उसकी फिकर नक्को करो भाभी, धो लेंगे. पहले बैठो." मामा मैनेला मांडीवर घेऊन मागे बसले, मी त्यांच्या शेजारी. सोमनाथ गाडीवर मागून निघाला.

सासऱ्याच्या इतक्या जवळ मी आजवर कधी बसले नव्हते. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. मैनेच्या मोडक्या कानावर ओला रुमाल ठेवून ते तिच्याशीच बोलत होते. गोलवाडीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती आणि शौकतभाई हॉर्नवर हात ठेवून बसले होते, तेव्हा मामांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"मैने, तुही मालकीण बी अशीच गप राह्यली. पोट धरून बसायची. विचारलं का म्हणायची, बाईमाणसाचं दुखणं हाय, तुम्हाला काय करायचं? मी बी मग इचारलं नाय. मला वाटलं, बायकांचं बायका बघतील. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेली तवा डॉक्टरीण म्हणली, पिशवीची गाठ लई वाढली, आता लई उशीर केला बाबा. बोल तिनं मलाच लावला. मंग मी कुणाला लावू?"

सासूबाई पोटाच्या दुखण्यानं गेल्या, एवढंच मला माहीत होतं. कुठल्या, हे सोमनाथलाही माहीत नसावं. हे मैनेला सांगितलेलं नव्हतं, मला सांगितलेलं होतं.  मी माझा हात मैनेच्या पाठीवर ठेवला. मामांचा हात तिथंच होता, तो त्यांनी काढून घेतला नाही.

दवाखान्यात डॉक्टर लुबनांनी तिला टेबलावर घेतलं, सोनोग्राफी केली आणि पडद्यावरचे काळे डाग दाखवले. गर्भपिशवीत पू भरला होता. "काका, घाण कशी जात होती? रंग काय होता?" त्यांनी विचारलं. मी बाहेर जायला निघाले, म्हणजे मामांना बोलता येईल. पण मामा मी दाराशी पोचायच्या आतच बोलायला लागले. रंग, वास, कधी कमी, कधी जास्त, सगळं. मान खाली होती, कान तांबडेलाल झाले होते, पण एक गोष्ट राहू दिली नाही.

आधी सलाईन लावलं, मग ऑपरेशन. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. सोमनाथनं समोसे आणले, ते कुणी खाल्ले नाहीत. मामा माझ्या शेजारी बसले होते आणि मध्ये कुणीच नव्हतं, म्हणून आम्ही बोललो नाही. मला भीती वाटत होती, आणि ती फक्त मैनेची नव्हती.

दुपार कलल्यावर डॉक्टर हात पुसत बाहेर आल्या. "काढली पिशवी. जगेल असं वाटतंय. आजची रात्र इथंच राहू दे. पण संध्याकाळी आणली असती ना, तर पिशवी आतच फुटली असती." मामांनी त्यांना हात जोडले. मग तसेच जोडलेले हात घेऊन ते थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मैना घरी आली पोटाला पट्टा बांधून. पहिल्यांदा दूधभाकरी चाटूनपुसून खाल्ली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हे कुणाला माहीत नाही. भगुलं आता फक्त मामा भरतात. सोमनाथनं तांब्या उचलला तरी ओरडतात. पुन्हा आमचं जुनं बोलणं सुरू झालं. "मैने, चहात आलं टाक म्हणावं." मैना पट्ट्यासकट शेपूट हलवायची.

टाके काढून झाले त्या आठवड्यातली गोष्ट. मी पाळीवरून आले. सोमनाथ आत बूट घालत होता. बस यायला थोडा वेळ होता. पोटात सकाळपासून पीळ पडत होता आणि त्या महिन्यात दुसऱ्यांदा मला बाजूला बसण्याची पाळी आली होती, म्हणजे आमच्याकडे आता कुणी बाजूला बसत नाही, पण बोलायची पद्धत आहे. ओट्यावरच्या माठातून पाणी घेतलं, पर्समधली गोळी काढली आणि गिळली.

मामा बघत होते. मला वाटलं, आता मैनेला म्हणतील, पाणी दमानं पी म्हणावं.

"सोनिया," ते म्हणाले.

माझ्या लग्नानंतर त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मैना तिथंच पाय पसरून झोपली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"जी?"

"ही गोळी कवापासनं चालू हाय?"

"ॲसिडिटीची आहे, मामा."

"ती नाय. पोट दुखायची हाय. आवडी हीच खायची, मीच आणून द्यायचो. रंग ओळखतो मी." त्यांचे कान पुन्हा तांबडे झाले होते, पण नजर माझ्यावरून हलली नाही. "कवापासनं?"

मी मैनेकडे बघितलं. तिनं एक डोळा उघडला आणि मिटला.

"दिवाळीपासून," मी म्हणाले, आणि ओट्यावरच खाली बसले.

मामांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"सोम्या," त्यांनी आत हाक मारली, "आज पाळीला जायचं नाय. शौकतला म्हणावं, रिक्षा काढ."